तारेमागचं रक्त

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची, पुण्यात हॉस्टेलला असते. ब्रेसेस काढल्यावर खालच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवून दिली, त्याला वर्ष झालं. आता ब्रश करताना रक्त येतं, जिभेला काहीतरी टोचतं म्हणते. तार काढून टाकू का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, एवढ्यात काढू नका. रक्त बहुतेक वेळा तारेमुळे येत नाही, तिच्याखाली साठलेल्या किटणामुळे येतं. लाळेच्या नळ्या जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे उघडतात. दातांवरच्या चिकट थरात लाळेतले क्षार बसतात आणि तो दगडासारखा होतो. तार नसलेल्या माणसालाही कीटण तिथेच जास्त धरतं. तारेमुळे त्याला आडोसा मिळतो, इतकंच. रक्त दिसलं की मुलं तिथे ब्रश फिरवायचंच सोडतात आणि हिरडी आणखी सुजते. हे मी रोज बघते.

कडक झालेलं कीटण घरी निघत नाही, एकदा स्केलिंग, म्हणजे डॉक्टरांकडून कीटण खरवडून दातांची सफाई, करून घ्या. पुढचं काम मात्र तिचं. एका टोकाला कडक असलेला सुपर फ्लॉस मिळतो. ते टोक बाहेरच्या बाजूने, हिरडीलगत, दोन दातांच्या फटीतून तारेखालून जिभेकडे काढायचं, सुईत दोरा ओवतो तसं. मग जाडसर, स्पंजासारखा भाग आत ओढून दोन्ही दातांच्या कडांवरून हळू वर-खाली फिरवायचा. दात सहा, फटी पाच. पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागतील, हात बसला की तीन. नियमित केलं तर रक्त साधारण दोन आठवड्यांत थांबतं.

टोचण्याची मला जास्त काळजी वाटते. तार दातावर चिकटवणाऱ्या मसाल्याच्या ठिपक्याची कड खरबरीत झाली असेल तर पाच मिनिटांत पॉलिश होते. पण एखाद्या दातावरची तार सुटली असेल तर गोष्ट वेगळी. माझ्याकडे आलेल्या एका मुलाची तार अशीच एका सुळ्यापाशी सुटली होती. दुखत नव्हतं म्हणून त्याने सहा महिने काढले. तोवर दात तिरका झाला होता. कधी कधी तार वाकून दातालाच ढकलते, मूळ बाहेरच्या बाजूला सरकतं आणि हिरडी खाली उतरते. उतरलेली हिरडी आपोआप वर येत नाही. म्हणून तिला सांगा, आरशासमोर बसून प्रत्येक ठिपक्याजवळ नखाने तार हळूच दाबून बघ. हलली तर ती सुटली आहे.

आणि काढून टाकली तर? ब्रेसेसनी सरकवलेल्या दातांना हिरडीतले ताणलेले तंतू बराच काळ मागे ओढत राहतात, शिवाय खालचे पुढचे दात वयाबरोबर तसेही दाटी करतात. स्वच्छता जमतच नसेल तर रात्री घालायचा, काढता-घालता येणारा रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, घेता येईल. पण तो तयार होऊन हातात आल्यावरच तार काढायची.

ती सुट्टीला येईपर्यंत थांबू नका. तिथल्याच जवळच्या दातांच्या डॉक्टरांना या आठवड्यात दाखवू दे, आणि टोचणारी जागा कोणत्या दातापाशी आहे ते आधीच बघून ठेवू दे.