एडीएचडीचे औषध आणि योग्य मात्रा : पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि पहिली घटक चाचणी आटोपली की 'मूल एका जागी बसत नाही' अशी पत्रे येऊ लागतात. या वेळी बहुतेक पालकांचे प्रश्न एडीएचडीच्या (लक्ष न टिकणे व अतिचंचलता ही लक्षणे असलेल्या विकाराच्या) निदानाविषयी नसून औषधाविषयी आहेत. गोंधळ तोच तोच असल्यामुळे निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे. उत्तरांत आलेले मिलिग्रॅमचे आकडे विषय समजावा म्हणून दिले आहेत. त्यांवरून कोणीही घरच्या घरी मात्रा ठरवू नये.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. ज्युनियर केजीच्या बाई म्हणतात, 'हा हायपर आहे, डॉक्टरांकडून गोळी सुरू करून घ्या.' काय करावे? (एक आई, सांगली)

मुलाला तज्ज्ञांना दाखवा, असे बाईंनी सांगणे योग्यच आहे. गोळी सुचवणे मात्र त्यांच्या अधिकारातले नाही. सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांचे प्रशिक्षण. सूचना कशी द्यावी, कोणत्या वागण्याची लगेच दखल घ्यावी, कोणत्याकडे काणाडोळा करावा, दिवसाचा क्रम कसा लावावा, हे त्यात शिकवले जाते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. एडीएचडीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेट या औषधाचा शाळापूर्व वयाच्या मुलांवरील एक मोठा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषधाचा उपयोग दिसला, पण मोठ्या मुलांपेक्षा कमी, आणि चिडचिड, रडवेपणा, भूक व झोप कमी होणे हे त्रास मात्र अधिक. त्यामुळे प्रशिक्षण नीट करूनही अडचण गंभीर राहिली, तरच तज्ज्ञ या वयात औषधाचा विचार करतात.

त्याआधी मुलाचे ऐकणे तपासून घ्या. ते रात्री घोरते का, तोंडाने श्वास घेते का, किती वाजता झोपते, हेही पाहा. झोप न झालेले मूल दिवसभर चंचलच दिसते. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तेथे तपासणी मोफत होते.

प्रश्न : या गोळ्यांचे व्यसन लागते, असे नातेवाईक सांगतात. खरे आहे का?

तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सांगितलेल्या मात्रेत तोंडावाटे घेतलेल्या औषधाचे मुलांना व्यसन लागत नाही. गोळ्या मात्र मोठ्यांनी कुलपात ठेवाव्यात.

प्रश्न : मुलगी साडेसात वर्षांची, वजन 22 किलो. सकाळी सातला मिथाइलफेनिडेटची 5 मिलिग्रॅमची गोळी देतो. शाळा दुपारच्या सत्रात आहे. महिना झाला, संध्याकाळी अभ्यासाला बसवले की काहीही फरक नाही. तिच्या क्लासमधल्या एका मुलाला 18 ची गोळी आहे. आमचा डोस कमी आहे, की हे औषध तिला लागूच पडत नाही? (एक वडील, नाशिक)

आपले दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, आणि अशी घाई मी इतक्या घरांत पाहतो की या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

आधी घड्याळ पाहू. साधी 5 मिलिग्रॅमची गोळी अर्ध्या ते एक तासात काम करू लागते आणि साधारण चार तासांत तिचा प्रभाव संपतो. सातला दिलेली गोळी अकराच्या सुमारास संपते. आपल्या मुलीची शाळा त्यानंतर भरते आणि आपण तिची परीक्षा संध्याकाळी घेता. म्हणजे औषध अंगात असतानाची मुलगी ना शिक्षिकेने पाहिली, ना आपण. महिनाभर औषध दिले गेले, पण त्याची पारख एकदाही झाली नाही. शाळेचे सत्र कोणते, बस किती वाजता येते, अभ्यास केव्हा होतो, हे डॉक्टरांनी विचारायला हवे होते. विचारले नसेल तर आपण सांगायला हवे.

आता मात्रा. मिथाइलफेनिडेटची योग्य मात्रा वजनावरून काढता येत नाही. एकाच वजनाच्या दोन मुलांपैकी एकाला 5 मिलिग्रॅम पुरते, तर दुसऱ्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागते, आणि हे आधी सांगणारी कोणतीही रक्ततपासणी नाही. म्हणून लहान मात्रेने सुरुवात करून साधारण दर आठवड्याला ती थोडी वाढवतात, आणि पुरेसा फायदा दिसला किंवा त्रास जाणवू लागला की थांबतात. 5 मिलिग्रॅम ही या चढणीची पहिली पायरी आहे. तिच्यावर महिनाभर थांबून 'औषध लागू पडत नाही' असे ठरवणे मुलीवर अन्याय करणारे आहे. त्या दुसऱ्या मुलाची 18 ची गोळी दिवसभर हळूहळू औषध सोडणारी असते. ढोबळमानाने ती 5 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देण्याइतकी होते. तेव्हा 5 आणि 18 या आकड्यांची तुलना करू नका. दीर्घ प्रभावाची गोळी तोडून किंवा कुटून देऊ नये, हेही लक्षात ठेवा.

मात्रा शोधण्याच्या या कामाचे महत्त्व किती, हे एका जुन्या अभ्यासातून दिसते. अमेरिकेत सात ते नऊ वर्षांच्या 579 मुलांवर चौदा महिने चाललेला हा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांची मात्रा पहिल्या चार आठवड्यांत पद्धतशीर शोधली गेली, औषध दिवसातून तीनदा दिले गेले, दरमहा अर्ध्या तासाची भेट झाली आणि शिक्षकांकडून माहिती घेतली गेली. दुसऱ्या एका गटाला नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवले होते; त्यांतील सुमारे दोनतृतीयांश मुलांना औषध मिळतच होते, तरीही ती मुले मागे राहिली. अभ्यासातील उपचार संपल्यावर पुढच्या वर्षांत हा फरक ओसरत गेला, हेही सांगितले पाहिजे. औषध तेच असूनही काळजीपूर्वक देखरेखीने इतके अंतर पडते, म्हणून 'महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या, तीन महिन्यांनी या' हा प्रकार मला मान्य नाही.

तुम्ही करण्यासारखे काम नोंदीचे आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकटीत चार गोष्टी लिहा: गोळी किती वाजता दिली, डबा किती संपला, रात्री झोप किती वाजता लागली, आणि फळ्यावरचे वहीत कुठपर्यंत उतरले. शेवटची नोंद फार उपयोगी ठरते, कारण तारखेनिशी वही चाळली की अर्धवट सोडलेल्या ओळी कोणत्या दिवसापासून पूर्ण होऊ लागल्या, हे डोळ्यांना दिसते. शिक्षिकेकडून आठवड्याला एकदा ठरावीक प्रश्नावली भरून घ्या. ती डॉक्टर देतील. मुलगी गप्प-गप्प झाली, हसेनाशी झाली, एकाच जागी बघत बसू लागली, तर 'शांत झाली' म्हणून समाधान मानू नका. मात्रा जास्त झाल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मात्रा स्वतः वाढवू नका. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि शाळेची वेळ प्रथम सांगा.

प्रश्न : अ‍ॅटोमॉक्सेटिन सुरू करून बारा दिवस झाले. परिणाम शून्य. बंद करू का?

नाही. एडीएचडीवरचे हे वेगळे औषध वजनानुसार देतात आणि त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे किंवा अधिकही लागतात. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, किंवा मूल खूप उदास होऊन मरणाचे बोलू लागले, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : गोळी सुरू झाल्यापासून डबा जसाच्या तसा परत येतो. संध्याकाळी पाचनंतर प्रचंड चिडचिड आणि रडारड. (एक आई, कोल्हापूर)

गोळी न्याहारीआधी न देता पोटभर न्याहारीनंतर द्या. दुपारी आग्रह करू नका; डब्यात थोडेच पण पौष्टिक द्या, शेंगदाण्याचा लाडू किंवा उकडलेले अंडे चालेल. औषध उतरल्यावर भूक परत येते, तेव्हा संध्याकाळी आणि रात्री पूर्ण जेवण वाढा. प्रत्येक भेटीत वजन व उंची मोजून घ्या. पहिल्या एक-दोन वर्षांत उंची वाढण्याचा वेग किंचित मंदावू शकतो, म्हणून ही मोजणी टाळायची नसते.

संध्याकाळच्या रडारडीला औषध उतरणे कारणीभूत असू शकते, निव्वळ भूकही असू शकते. आधी पाचच्या सुमारास खायला देऊन आठवडाभर पाहा. फरक पडला नाही तर डॉक्टर वेळ किंवा प्रकार बदलतील.

प्रश्न : रविवारी आणि सुट्टीत गोळी बंद ठेवली तर चालेल का?

मिथाइलफेनिडेटच्या बाबतीत काही मुलांना चालते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. अ‍ॅटोमॉक्सेटिन रोज द्यावे लागते, आणि काही मुलांना दिले जाणारे क्लोनिडिन हे औषध एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळतो.

प्रश्न : एका केंद्रात 'ब्रेन मॅपिंग' करून वीस सत्रांचे पॅकेज सांगितले आहे. सोबत स्मरणशक्तीचे सिरपही. त्यानंतर गोळीची गरज राहणार नाही म्हणतात.

पैसे भरू नका. एडीएचडीचे निदान डोक्याला तारा लावून काढलेल्या रंगीत चित्रावरून होत नाही. बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी लक्षणे नीट विचारूनच ते होते. 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या शिबिरांनी 'मेंदू जागृत करतो' असे सांगत पालकांचे पैसे घेतले, आता नाव बदलून तोच व्यवहार सुरू आहे. सिरपच्या बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलेले असले तरी त्यात नेमके काय आणि किती आहे हे विचारा, आणि मूल दुसरे औषध घेत असेल तर ती बाटली डॉक्टरांना दाखवा. अशा केंद्रांत पैशांबरोबर पहिली-दुसरीची वर्षे जातात, याचा मला अधिक राग येतो.

प्रश्न : मुलाचे काका 32 व्या वर्षी खेळताना कोसळून अचानक वारले. हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे का?

होय, आणि पहिली गोळी देण्यापूर्वी. मुलाला धावताना चक्कर येते का, छातीत धडधडते का, हेही सांगा. एरवी प्रत्येक मुलाला ईसीजी लागत नाही, नाडी व रक्तदाब मोजणे पुरते; पण आपल्या घरातील इतिहास पाहता हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय सुरुवात करू नका.

प्रश्न : गावातील औषध दुकानदार मिथाइलफेनिडेट देत नाही. अमेरिकेतील दीराकडून मागवू का?

मागवू नका. हे औषध परिशिष्ट 'एक्स' मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातील औषधांच्या सरकारी यादीत मोडते. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत त्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. तेव्हा तो अडवणूक करतो आहे असे समजू नका. परवाना असलेले दुकान कोणते, हे डॉक्टरांनाच विचारा, आणि दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची चिठ्ठी घ्या.