मॅडम जुनं काही विचारतच नाहीत

प्रश्न: लहानपणी वर्षानुवर्षं मार खाल्ला. आता ३४ची आहे. थेरपीला ४ महिने झाले पण मॅडम झोप, श्वास, घाबरल्यावर काय करायचं एवढंच घेतात. पैसे वाया चाललेत का?

उत्तर: अहो नाही, उलट बाई नीट काम करतायत असं वाटतंय. वर्षानुवर्षं असा मार खाल्ल्यावर मनावर जो खोल, टिकून राहणारा आघात होऊ शकतो त्याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत त्याचं वेगळं निदान आहे. यात बरेच थेरपिस्ट आधी सुरक्षित वाटणं पक्कं करतात, मग आठवणी, मग नाती-रोजचं जगणं, आणि हे काय सरळ जात नाही, मधेच मागे यावं लागतं. घाईत उकरलं की त्रास वाढू शकतो, मग लोक थेरपीच सोडतात. पण आठवणींकडे कधी वळणार हे त्यांना बिनधास्त विचारा. मधेच असह्य झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६ला फोन करा, फुकट आहे.