बाहेर गेलं की गप्प

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची. घरात अखंड बडबड, पण सोसायटीच्या गणपतीत कुणी नाव विचारलं तरी माझ्या ओढणीआड. कोणतं पुस्तक देऊ?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ‘धीट व्हा’ सांगणारी पुस्तकं नकोत, पोरांना उपदेशाचा वास लगेच येतो. अप्पा बळवंत चौकात ‘तोत्तोचान’ मागा. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक जपानात १९८१ साली आलं, मराठीतही आहे. त्यातल्या शाळेत जेवताना रोज एका मुलानं काहीतरी सांगायचं. एकजण म्हणतो, सांगण्यासारखं काहीच नाही. मुख्याध्यापक त्याला सकाळी उठल्यापासूनचं आठवायला लावतात. ‘आणि मग... मग...’ करत तो अडखळतो, तरी सगळे टाळ्या वाजवतात. आधी एवढंच प्रकरण मोठ्यानं वाचा. ‘बघ, तोसुद्धा बोलला!’ हे मात्र कृपा करून म्हणू नका. आमच्या वाचनालयात हे वाक्य आलं की मूल पुस्तक मिटतं. पुढचं तिला आजीला वाचून दाखवू दे, मग एखाद्याच मैत्रिणीला. गर्दीची घाई नको.

तुम्ही शाळेबद्दल लिहिलेलं नाही. तिथेही महिन्याहून जास्त काळ ती अजिबात बोलत नसेल, तर पुस्तकावर थांबू नका, बालमानसतज्ज्ञांना दाखवा.