‘ग्रामदान’: गावाचं दान की गावाला दान?

‘ग्रामदान’चा विग्रह कसा करायचा, असा प्रश्न आला आहे. सोबत एक उपप्रश्न: गावकऱ्यांनी जमीन आपल्याच गावाला दिली, तर त्याला दान का म्हणायचं?

गोदान, कन्यादान, रक्तदान, भूदान यांत पहिलं पद म्हणजे द्यायची वस्तू. त्या साच्यात ‘ग्रामदान’ म्हणजे गाव देऊन टाकणं, षष्ठी तत्पुरुष. जुना अर्थ तोच. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याला ‘षोडशग्रामद’ म्हटलंय, म्हणजे देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं देणारा. गावकऱ्यांना कोणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

विनोबा भाव्यांनी शब्द तोच ठेवला, देणारा बदलला. 1951 साली पोचमपल्लीत भूदान, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन दान मागण्याची त्यांची चळवळ, सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातलं मंगरोठ हे पहिलं ग्रामदान ठरलं. सगळ्या गावाची जमीन दिली गेली, म्हणून ‘गावाचं दान’ इथवर चालून जातं. पण ती जमीन गेली कुठे? गावाकडेच! पुढे आलेल्या सुलभ ग्रामदानात तर मालकी गावाची, कसणं ज्याचं त्याच्याकडे आणि विसावा हिस्सा भूमिहीनांना, अशी वाटणी होती. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली 2013 मध्ये ग्रामदान केलं, तेव्हा जमिनीची मालकी गेली ती ग्रामसभेकडे, म्हणजे देणारेच घेणारे. म्हणून माझं मत चतुर्थीला: ग्रामाला दान. षष्ठी व्याकरणात बसते, पण गाव परक्याच्या पदरात पडल्यासारखं वाटतं.

उपप्रश्नाचं उत्तर विनोबा शंकराचार्यांच्या शब्दांत देत: ‘दानं संविभागः’. संविभाग म्हणजे नीट वाटून घेणं. हा अर्थ कन्यादानाला लावून पाहा, अजिबात लागत नाही. ग्रामदानाला मात्र चपखल बसतो.

वापराचंही सांगतो. ‘जमीन भूदानात दिली’ म्हणतात, पण ग्रामदान ‘दिलं’ म्हणत नाहीत. ते ‘केलं’ किंवा ‘झालं’. ‘ग्रामदानी गाव’ यात गाव दोनदा येतं खरं, पण पिवळा पीतांबर चालतो तिथे हेही चालायला हरकत नाही.