वाचकांचे प्रश्न : खाणीच्या जमिनीवर आधी विहिरी, मग झाडे

प्रश्न : आमच्या गावालगतची उघडी कोळसा खाण बंद झाली असून ओबीचे (कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचे) ढिगारे सपाट करून त्यांवर येत्या पावसाळ्यात झाडे लावली जाणार आहेत. संपादित शेतांतल्या जुन्या विहिरी आणि बोअर मात्र तशाच उघड्या आहेत. डोझर फिरला की त्या आपोआप बुजतील, असे ठेकेदार सांगतो. ग्रामपंचायतीने कशाचा आग्रह धरावा आणि झाडे कोणती लावावीत?
— एक वाचक, राजुरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : डोझरने विहीर फक्त झाकली जाते आणि झाकलेली विहीर उघड्या विहिरीपेक्षा अधिक घातक असते. ढकललेला सैल भराव दोन-तीन पावसाळ्यांत खचतो आणि जिथे गुरे चरत असतात तिथेच भगदाड पडते. त्याहून गंभीर बाब पाण्याची आहे. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे आणि गावोगावच्या विहिरींना पाणी पुरवणारा हा महत्त्वाचा खडक आहे. न बुजवलेली बोअर राहिली, तर ढिगाऱ्यातून झिरपणारे क्षारयुक्त पाणी, आणि खाणीच्या खड्ड्यात औष्णिक केंद्राची राख भरली असल्यास तिच्यातून उतरणारे घटक, मातीत गाळले न जाता थेट त्या खडकात पोहोचतात. म्हणून विहिरींचे काम सपाटीकरणाच्या आधी व्हावे, हा आग्रह ग्रामपंचायतीने ठरावाद्वारे लेखी धरावा.

पहिले काम यादीचे. जुन्या सातबारा उताऱ्यांवरच्या विहिरींच्या नोंदी काढाव्यात, ज्यांची ती शेते होती त्यांना सोबत घेऊन जागा दाखवून घ्याव्यात आणि कोळशाच्या शोधासाठी पाडलेल्या छिद्रांचा नकाशा खाण व्यवस्थापनाकडे मागावा. ही शोधछिद्रे गावकऱ्यांच्या यादीत कधीच नसतात, पण कोळशाच्या थरांपर्यंत गेलेली तीच असतात.

बोअर बुजवताना पंप, पाइप आणि दोर बाहेर काढून खोली मोजावी. नंतर तळापर्यंत बारीक पाइप सोडून सिमेंटचे पातळ मिश्रण खालून वर भरत यावे आणि मिश्रण चढेल तसा पाइप वर घ्यावा. वरून ओतलेले साहित्य मध्येच अडकते आणि खाली पोकळी राहते. पन्नास किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी आणि थोडे बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) पुरते. सहा इंची बोअरला दर मीटरमागे सुमारे १८ लिटर मिश्रण लागते, म्हणजे १०० मीटरच्या बोअरला जवळपास १,८०० लिटर. एवढे मिश्रण प्रत्यक्ष गेले का, हे कामावर उभे राहून मोजता येते आणि फसवणूक ओळखण्याचा याहून सोपा मार्ग नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सोडून दिलेल्या बोअरबाबत दिलेल्या निर्देशांत तळापासून जमिनीपर्यंत भराव सांगितला आहे, पण त्यात वाळू, दगडगोटेही चालतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते पुरेसे असले, तरी खाणीच्या जमिनीवर भूजल वाचवायचे असल्याने सिमेंटचाच आग्रह असावा.

उघड्या विहिरीतला गाळ आणि कचरा उपसून ब्लीचिंग पावडर टाकावी, पाण्याच्या पातळीपर्यंत स्वच्छ गिट्टी भरावी आणि त्यावर चिकण पिवळ्या मातीचे थर ठोकून बसवावेत. वरचे चार-पाच फूट बांधकाम आधी काढून टाकावे, म्हणजे जुन्या भिंतीच्या कडेने पाणी उतरत नाही. सर्वांत वर काळी माती चालणार नाही, कारण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे पाणी त्याच वाटेने खाली जाते. शेवटी भराव थोडा उंच ठेवावा. विहिरीत राख किंवा ओबी कधीही टाकू देऊ नये. सर्वच विहिरी बुजवायच्या नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. पाण्याची पातळी आणि गुणवत्ता तपासण्यासाठी काही राखाव्यात आणि त्यांना उंच कठडा बांधावा. आपल्या जिल्ह्यात कठडा नसलेल्या विहिरीत बिबटे पडतात, हे आपण जाणताच.

आता झाडांकडे. ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, त्याला पायऱ्या असाव्यात आणि खाणकामापूर्वी काढून ठेवलेली वरची माती परत पसरावी. वर्षानुवर्षे उंच रचून ठेवल्याने ती निर्जीव झाली असेल, तर शेणखत किंवा साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) मिसळावा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या निरुपयोगी ढिगाऱ्यावर प्रेसमड, मायकोरायझा (झाडांच्या मुळांशी सहजीवन करणारी) बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू एकत्र वापरून वृक्षराजी उभी केली, हे उदाहरण विदर्भातलेच आहे.

पहिल्या पावसाळ्यात झाडांची घाई करू नये. ताग, धैंचा, स्टायलो (चाऱ्याचे द्विदल पीक) आणि पवना, मारवेलसारखी गवते पेरावीत आणि उतारांवर वाळा लावावा. माती धरली गेली की करंज, शिरीष, खैर, कडुनिंब, आवळा, सीताफळ, मोह आणि बांबू लावता येतात. वेगाने हिरवे दिसते म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी किंवा सुबाभूळ यांची एकाच जातीची लागवड केली जाते. तिच्याखाली गुरांना चारा उगवत नाही की गावाला फळ मिळत नाही, त्यामुळे ती मी सुचवणार नाही. बुजवलेल्या विहिरींच्या जागी मात्र फक्त गवत ठेवावे, खोल मुळांचे झाड नको. देयक देताना लावलेल्या रोपांऐवजी तिसऱ्या पावसाळ्यानंतर जगलेली झाडे मोजावीत, अशी अट करारात घालून घ्यावी.

प्रश्न : संपलेल्या खाणपट्ट्यावर गवत वाढवून देण्याची जबाबदारी खाणधारकावर आहे का?
— एक वाचक, उमरेड, जि. नागपूर

उत्तर : होय. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारला निर्देश दिले, की खाणकाम संपल्यावर जमिनीवर चाऱ्यासाठी पुन्हा गवत उगवून देण्याची अट खाणपट्टा, पर्यावरण मंजुरी आणि खाण आराखड्यात असावी. हा खर्च पट्टेदाराने करायचा आहे. कोळसा खाणींसाठी २००९ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात (फक्त ठरलेल्या कामासाठीच पैसे काढता येणाऱ्या खात्यात) ठेव बंधनकारक आहे. ग्रामसभेने त्या आराखड्याची प्रत मागवावी आणि कुरणाचा पट्टा किती हेक्टर, चराईबंदी किती वर्षे आणि जुन्या विहिरी कोण, कधी बुजवणार, हे त्यात लिहिलेले आहे का, ते आधी पाहावे.