पथ्य घराचं असतं

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल तू दारातूनच परत गेलास. बूट काढले नाहीस, पाणी घेतलं नाहीस, आणि जाता जाता विचारलंस, "काकू, महिनाभर पोळी सोडून बघू का? बरं वाटलं तर समजायचं की ताईसारखा सिलियाक मलाही आहे. कशाला उगीच सुई टोचून घ्यायची?" जिन्यात तुझी आई उभी होती, म्हणून मी गप्प बसले. रात्री झोप लागली नाही. आता पहाटे लिहायला बसलेय.

पोळी सोडू नकोस. तपासणी होईपर्यंत एक दिवससुद्धा सोडू नकोस. सिलियाकमध्ये गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे आतडं झिजतं. रक्तात शोधतात ते टीटीजी-आयजीए नावाचं प्रतिपिंड, आणि पोटात ग्लूटेन जात असेल तरच ते वाढलेलं दिसतं. गहू थांबवला की ते उतरायला लागतं, आतडंही सावरायला लागतं, आणि आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. मग पुन्हा तपासायचं म्हटलं की आठवडेच्या आठवडे मुद्दाम गहू खाऊन स्वतःला आजारी पाडावं लागतं. सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या जातीची सगळी प्रतिपिंडं, मोजायलाही सांग. काहींच्या शरीरात ते मुळातच कमी असतं, त्यांना नुसती पहिली तपासणी खोटा दिलासा देते. रक्तात सापडलंच तर एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासतात. माझ्या मुलीची सातव्या वर्षी झाली होती. संध्याकाळी ती घरी बसून चित्रं रंगवत होती.

आता तुझं दुसरं वाक्य. "मला तर काहीच होत नाही." हे वाक्य माझ्या घरात अकरा वर्षं बोललं गेलं, आणि सगळ्यात जास्त वेळा मी बोलले.

मुलीचं निदान २००४ साली झालं. त्याआधीची अडीच वर्षं जंताचं औषध, लोहाचं औषध, टॉनिक, आणि एका डॉक्टरांनी क्षयाचंही सुरू केलं होतं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, केस पुंजक्यानं गळायचे. शेवटी ज्यांनी ओळखलं त्यांनी त्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं : आई, वडील, भाऊ, तिघांची तपासणी करा. सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो, असंही त्यांनी समजावलं. आम्ही दोघांनी करून घेतली. मुलाची नाही केली. तो बारा वर्षांचा, वर्गात सगळ्यात उंच, सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी चार पोळ्या, संध्याकाळी कचोरी. असल्या मुलाला कशाला टोचायचं, म्हटलं मी. तो कागद देवघराच्या खणात राहिला.

२०१५ मध्ये तो स्कूटरवरून पडला. पडला म्हणजे काय, उभी गाडी कलंडली आणि त्यानं हात टेकला. मनगट मोडलं. तेवीस वर्षांच्या मुलाचं हाड असं मोडत नाही, असं हाडाच्या डॉक्टरांना वाटलं म्हणून त्यांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या. हिमोग्लोबिन आठ. हाडांची घनता म्हाताऱ्या माणसासारखी. आणि टीटीजी इतकं वाढलेलं, की प्रयोगशाळेनं नेमका आकडा न देता अमुकच्या वर एवढंच छापलं होतं. पोटात एकदाही दुखलं नव्हतं त्याच्या. जुलाब नाहीत, उलटी नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं लोह नि कॅल्शियम तिथून शोषलं जातं. ते झिजून सपाट होत राहिले आणि तो कचोऱ्या खात राहिला. अकरा वर्षं तो कागद माझ्या घरात होता रे. मी रोज त्याच खणातून उदबत्ती काढत होते.

म्हणून सांगते, पथ्य घराचं असतं. आजार एका ताटावर आला तरी पथ्य घराचंच असतं. तुझी ताई आजारी आणि तुम्ही बाकीचे निरोगी, ही वाटणीच चुकीची आहे. तू तपासून घे, आईला घेऊन जा, बाबांना घेऊन जा. आज काही निघालं नाही तरी दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघ, मधेच काही त्रास वाटला तर लगेच. हा आजार कुठल्याही वयात उमटू शकतो. डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकं तपासता येतात. दोन्ही नसतील तर जवळजवळ सुटलास, पण असली म्हणजे आजार आहेच असं मुळीच नाही. कितीतरी निरोगी माणसांत ती असतात.

आता स्वयंपाकघराकडे येते, कारण परवा तुझ्या आईनं मला मोठ्या अभिमानानं दाखवलं की ताईचा डबा वेगळा, ताट वेगळं, वरच्या फळीवर एक कोपरा वेगळा. मीही पहिलं वर्ष असंच केलं होतं. मुलीसाठी ज्वारीची भाकरी, बाकीच्यांना पोळ्या. वर्ष झालं तरी तिचे आकडे उतरेनात. डॉक्टर म्हणाले, चोरून खाते. मी सात-आठ वर्षांच्या पोरीला देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. ती रडत "नाही खाल्लं, नाही खाल्लं" म्हणत राहिली, आणि ते खरं होतं.

एका दुपारी चक्कीवर नंबराला उभी होते. माझ्यापुढे एकाचा वीस किलो शरबती गहू दळून निघाला, आणि त्याच जात्यात, त्याच कापडी नळीतून, माझी ज्वारी पडायला लागली. नळीला आतून बोटभर गव्हाचं पीठ चिकटलेलं. चक्कीवाल्या भैयानं नळीवर दोन थापा मारल्या आणि ते सगळं माझ्या डब्यात उतरलं. मी तशीच बघत राहिले. घरी येऊन पोळपाट उन्हात नेला. लाकडाला एक चीर होती, तिच्यात सेफ्टी पिन घातली तर वाळलेली कणीक निघाली, करड्या रंगाची, नखाएवढी. याच पोळपाटावर मी तिच्या भाकऱ्या थापत होते. तुपाच्या भांड्यात पोळीला लावलेला चमचा परत जात होता. पिठाची चाळणी एकच, तवा एकच. आणि फोडणीत हिंग! इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेल्या डबीवर स्पष्ट छापलं होतं : मैदा. बांधणीच्या हिंगात मैदा नाहीतर तांदळाचं पीठ घालतात, हे मला माहीतच नव्हतं. दुकानदाराची चूक नाही, मी वाचलं नव्हतं. वर्षभर रोज वरणातून मी तिला गहू देत होते आणि शपथा तिला घालत होते.

त्यानंतर गहू माझ्या घरातून गेला. सगळ्यांसाठी. घरघंटी घेतली, पोळपाट-लाटणं नवीन, तवा नवीन. लोकांनी मला वेडी ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी पग-पग नीर, आणि आमच्या घरात गहू नाही!" दर वैशाखात त्या वर्षाचा गहू घ्यायच्या, गच्चीवर ऊन द्यायच्या, एरंडेल चोळून कोठीत भरायच्या. ती कोठी मी रिकामी केली तेव्हा त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, पण पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा रिकामी करीन. आमचे हे बाहेर कचोरी खाऊन यायचे आणि अंगणातल्या नळावर हात-तोंड धुऊन मगच मुलीला उचलायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

तू म्हणशील, आमची आजीही दूध टाळते, तिच्यासाठी आम्ही कुठे घरातलं दूध बंद केलं? बरोबर आहे, करायचंही नाही. आजीला दुधातली साखर पचत नाही. कपभर चहा सोसतो, ताक सोसतं, जास्त झालं तर पोट बिघडतं आणि दुसऱ्या दिवशी ठीक. ते पथ्य तिच्यापुरतं. ताईचं तसं नाही. तिथे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं, आणि त्याला पोळीचे चार कणही पुरतात. आणखी एक : ताईला सध्या दूध सोसत नाही, म्हणून आईनं तेही कायमचं बंद केलंय, ते डॉक्टरांशी बोलून घ्या. दूध पचवणारा पाचकरस त्याच झिजलेल्या उंचवट्यांच्या टोकांवर असतो. आतडं भरून आलं की बहुतेकांना दूध परत चालतं. माझ्या मुलीला घरातून गहू गेल्यावर सहा महिन्यांत चाललं. हाडं कच्ची असताना दूध उगीच कशाला तोडायचं?

आणि तुझ्या मामांनी पाठवलेला खपली गहू परत कर. खपलीही गहूच. जुना असो, देशी असो, हातानं कांडलेला असो, ग्लूटेन आहेच. जव नाही, रवा नाही, शेवया नाहीत, मल्टीग्रेन आटा नाही, आपल्या थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू असतो तोही नाही. उरलं काय, असं रडवेल्या तोंडानं तुझी आई विचारते. अगं बाई, उकडीचे मोदक उरले, अनारसे उरले, पोहे, घावन, भगर, राजगिरा, शिंगाडा, घरचा भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी! आपल्या उपासाच्या ताटानंच माझी मुलगी वाढवली. बाजारातलं घेताना ग्लूटेनमुक्त लिहिलेलं बघा. किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन नको, असा आपल्याकडे नियम आहे. सराफा बाजारातला गराडू, तो तळलेला कंद, मात्र नको, कढई कुणाकुणाची असते ते विचारता येत नाही.

औषध काही नाही यावर, जेवण हेच औषध. हॉलंडमधल्या विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि इतर मुलं खंगत असताना त्याची ही मुलं सुधारायला लागली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. मुलीला मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की ती झोपेत म्हणायची.

एक गोष्ट मात्र माझ्यासारखी करू नकोस. गणपतीत कॉलनीच्या मंडपात कुणीतरी तिच्या हातावर शिरा ठेवला. मी चार माणसं ओलांडून गेले आणि तिच्या हातावर फटका मारून तो पाडला. प्रसाद जमिनीवर, बायका बघताहेत, ती नऊ वर्षांची. पुढे दहावीपर्यंत ती कुठल्याही मंडपात आली नाही. मला आधी मंडळाच्या बायकांशी बोलता आलं असतं. त्या वाईट नव्हत्या. दुसऱ्या वर्षी बोलले तर त्यांनी राजगिऱ्याचे लाडू वेगळ्या भांड्यात केले. तोवर ती यायची थांबली होती. तरी एक सांगते, तो शिरा तिच्या पोटात गेला नाही. आजही कुणी तो प्रसंग काढला की मी हेच म्हणते, आणि मुलगी उठून आत जाते.

आता तुझ्या लग्नाचं. तुझी आई म्हणते, मुलीकडच्यांना ताईच्या आजाराचं सांगायचं नाही, स्थळ हातचं जाईल. आणि तुला सुईपेक्षा या रिपोर्टचीच भीती आहे, हे मला कळत नाही का? अरे, हा लागण होणारा रोग नाही. उत्तर भारतात पाहण्या झाल्या तेव्हा शंभरात साधारण एकाला निघाला. त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नसतो. निदान झालेली, पथ्य पाळणारी माणसं लग्नं करतात, त्यांना मुलं होतात. पथ्याविना राहिलेल्या बायकांना मात्र पांडुरोग होतो, गर्भही टिकत नाहीत कधी कधी. ताईचं पुढे होणारं घर डोळ्यासमोर आण. आणि तुझी बायको परक्या घरातून येऊन तुमच्या ओट्याशी उभी राहणार. तिला ठाऊक नसेल तर पहिल्याच दिवशी ती कौतुकानं पुरणपोळी लाटेल, त्याच ओट्यावर, त्याच तुपाच्या भांड्यात चमचा बुडवून. मग दोष कुणाचा? पथ्य घराचं असतं आणि ती घरात येणार आहे. तिला तूच सांग, आईबाबांमार्फत नको, मध्यस्थामार्फत तर नकोच. पुढच्या रविवारी भेटणार आहात ना? चहा येण्याआधी सांग. ऐकून जे उठून जातील त्यांच्याकडून पुढे ताईसाठी वेगळी कढई ठेवली गेली असती, असं तुला वाटतं का?

सोमवारी सकाळी दहाला मी लोकमान्य नगरच्या चौकात येऊन थांबते. उपाशी यायची गरज नाही, नाश्ता करून ये, पोळी खाऊन ये. आईला सांग की तिचंही रक्त घ्यायचंय, रडू नकोस म्हणावं, मी शेजारी बसेन. ताईसाठी एक पोळपाट आणि लाटणं नवीन आणून ठेवलंय. पिशवीत हिंगाची डबीही आहे, तिच्यावरचं मी दोनदा वाचलंय, पण तूही एकदा वाच.

तुझी,
काकू