वाचकांचे प्रश्न: प्रॉडक्ट मॅनेजर झालो, आता पुढे कसं जायचं?

या वेळी पत्रं प्रॉडक्ट मॅनेजमेंटवाल्यांचीच, म्हणजे प्रॉडक्टमध्ये काय बांधायचं आणि काय नाही ते ठरवणाऱ्यांचीच, जास्त आलीत. कोणाला या कामात शिरायचंय, कोणी शिरून अडकलंय, कोणाला पुढची पायरी दिसतेय पण चढावी की नाही ते कळत नाहीये. सगळी घेता येणार नाहीत म्हणून चार निवडली, त्यातल्या दुसऱ्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिलीय कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय.

प्रश्न: ताई, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये पाच वर्षं आहे, आता प्रॉडक्टमध्ये जायचंय. ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करू का? बाहेर अर्ज करायला गेलं की सगळीकडे 'पीएमचा (प्रॉडक्ट मॅनेजरचा) अनुभव हवा' असंच लिहिलेलं असतं, मग पहिला अनुभव आणायचा कुठून?

उत्तर: कोर्सने या कामाची भाषा येते, बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) काय, रिटेन्शन (किती लोक टिकून राहतात) कसं बघतात, रोडमॅप (पुढच्या कामांचा आराखडा) कसा मांडतात वगैरे. तेवढ्यासाठी करायचा असेल तर जरूर करा, पण त्याच्या जोरावर कोणी कामावर घेईल असं धरून चालू नका, कारण मुलाखत घेणारा शेवटी हेच विचारणार की तुम्ही काय ठरवलंत, कशावरून ठरवलंत आणि ते करताना काय बाजूला ठेवलंत. सर्टिफिकेटमध्ये याचं उत्तर नसतं.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचा रस्ता तुमच्याच कंपनीतून जातो असं मला वाटतं. गूगलने २००२ मध्ये नवख्या मुलामुलींना घेऊन पीएम घडवायचा असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर प्रोग्रॅम सुरू केला, नंतर इतरही काही कंपन्यांनी तसे काढले, पण त्यात जागा मोजक्याच असतात आणि पाच वर्षं काम केलेल्या माणसासाठी ते नसतातच. तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी बाहेरून आलेल्या पीएमला मिळवायला बराच काळ लागतो, ती म्हणजे प्रॉडक्ट नेमकं कुठे मोडतं याची माहिती. कुठल्या स्क्रीनवर लोक गोंधळतात, कुठला बग दर रिलीजला परत येतो, सपोर्टकडे तक्रारींची कसली तिकिटं येतात, हे तुम्हाला तोंडपाठ असणार.

त्यातली एक तक्रार उचला, पुन्हा पुन्हा येणारी. किती जणांना येते ते काढा, आली की ते काय करतात ते बघा (सोडून जातात, की सपोर्टला फोन करतात, की स्वतःच काहीतरी पळवाट काढतात), जमलं तर त्यातल्या चार-पाच जणांशी बोला, आणि एक पान लिहा. अडचण काय, कोणाला, पुरावा काय, करण्यासारखे दोन-तीन उपाय कुठले, त्यातला तुम्ही कुठला निवडाल आणि का, आणि तुमचं चुकत असेल तर ते कशावरून कळेल. हे पान तुमच्या टीमच्या पीएमला द्या. 'मला संधी द्या' असं सांगत फिरण्यापेक्षा हे एक पान जास्त बोलतं.

मी हे उगाच सांगत नाहीये, हे काम जन्मालाच असं आलं. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिराती बघणाऱ्या नील मॅकेलरॉयने वरिष्ठांना एक मेमो लिहिला, खरं तर जास्तीची माणसं मागायला. त्यात त्याने एका ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारा माणूस कसा असावा ते मांडलं: विक्रीचे आकडे भागवार बघायचे, जिथे चांगलं चाललंय तिथे का चाललंय ते शोधायचं, जिथे नाही तिथे स्वतः जाऊन दुकानदार आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं, मग उपाय सुचवायचा आणि तो पार पाडायचा. आज ज्याला प्रॉडक्ट मॅनेजमेंट म्हणतात त्याचा उगम बरेच जण तिथेच मानतात, आणि बघा, त्यातलं पहिलं अर्धं काम करायला तुम्हाला आजही कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न: पीएम होऊन तीन वर्षं झाली. प्रत्येक स्प्रिंटला (कामाच्या थोड्या आठवड्यांच्या टप्प्याला) काही ना काही रिलीज होतं, तारखा पाळते, टीम खूश आहे. तरी दोन अप्रेझलमध्ये एकच वाक्य ऐकलंय, 'स्ट्रॅटेजिक थिंकिंग वाढव'. म्हणजे नक्की काय करू? विचारलं की कोणी नीट सांगत नाही.

उत्तर: तुमची चिडचिड मला समजते, कारण हे वाक्य देणाऱ्याला सोपं आणि घेणाऱ्याला निरुपयोगी असतं. माझ्या अनुभवात त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की तुम्ही काय बांधलं ते वरच्यांना दिसतंय, पण हेच का बांधलं, दुसरं का नाही, आणि बांधून काय बदललं ते दिसत नाहीये. तारखा पाळणं ही लहान गोष्ट नाही, पण सीनियर पदावर बसवताना कंपनी वेगळ्याच गोष्टीचा अंदाज घेत असते: चुकीची निवड केली तर सहा महिने वाया जातील असा निर्णय या माणसावर सोपवता येईल का?

आता रिलीज झालेल्या फीचरची संख्या याबद्दल काहीच का सांगत नाही ते बघा. मोठ्या कंपन्यांत कल्पना लोकांवर ए/बी टेस्टने तपासतात, म्हणजे काही लोकांना नवं दाखवायचं, काहींना जुनंच, आणि फरक मोजायचा. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्च इंजिनमध्ये अशा प्रयोगांपैकी जेमतेम १० ते २० टक्केच फायद्याचे निघतात हे २०१७ मध्ये छापून आलंय. इतकी हुशार माणसं, इतका डेटा, तरी दहातल्या आठ-नऊ कल्पनांनी काही भलं होत नाही. मग आपण वर्षभरात जे जे बांधलं त्यातलं बरंचसं काहीच न हलवणारं असणार, हे धरूनच चालायला हवं.

आणि अंदाज उलट्या बाजूनेही चुकतो. बिंगमध्येच एकाने जाहिरातीचं शीर्षक दाखवायच्या पद्धतीत छोटा बदल सुचवला होता, तो कमी महत्त्वाचा ठरून सहा महिन्यांहून जास्त यादीत पडून राहिला. मग एका इंजिनिअरला वाटलं की कोड तर थोडाच आहे, त्याने २०१२ मध्ये टेस्ट लावून टाकली आणि उत्पन्न १२ टक्के वाढलं, एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर. तो बदल मागे ढकलणाऱ्यांना काम येत नव्हतं असं मुळीच नाही. आपला अंदाज कुठे चुकतो हे तपासल्याशिवाय कोणालाच कळत नाही, म्हणून ते तपासायची सवय लावून घ्यायची.

तर तुम्ही करायचं ते हे. प्रत्येक मोठ्या रिलीजच्या आधी एका फाइलमध्ये लिहून ठेवा: याने कुठला आकडा हलेल, साधारण किती, किती दिवसांत, आणि मला असं का वाटतं. हा 'का' सगळ्यात महत्त्वाचा. 'पहिल्या आठवड्यात परत येणारे वाढतील' एवढं पुरत नाही, 'नवीन माणूस पहिल्या दिवशी स्वतःची माहिती भरत नाही, त्यामुळे त्याला काहीच उपयोगाचं दिसत नाही, आपण ते भरणं सोपं करतोय म्हणून तो परत येईल' असं लिहा. मग ठरलेल्या तारखेला ती फाइल उघडा, आकडा काहीही असो, आणि खाली लिहा की काय झालं. आकडा हलला पण कारण वेगळंच निघालं तर तेही लिहा, त्यातून तर सगळ्यात जास्त शिकायला मिळतं.

थोड्या महिन्यांनी यात तुमची स्वतःची सवय दिसायला लागते. कोणी नवीन फीचर किती जण वापरतील याचा अंदाज कायम जास्त लावतं, कोणाला जुन्या पद्धतीला चिकटलेल्या लोकांचा जोर दिसत नाही, कोणी सेल्सच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या मागणीला सगळ्यांची मागणी समजतं. हे घेऊन अप्रेझलला बसा. 'मी बारा फीचर दिले' म्हणण्याऐवजी 'आम्ही या तीन गोष्टींवर पैज लावली, एक लागली, दोन नाही लागल्या, त्यावरून पुढच्या तिमाहीत मी हे सोडून ते करायचं म्हणतेय' असं सांगितलंत की समोरच्याला ते स्ट्रॅटेजिक की काय ते आपोआप दिसतं.

तुमच्या प्रॉडक्टला ए/बी टेस्ट करण्याइतके वापरणारे नसतील तरी हे सगळं लागू आहे, फक्त पुरावा वेगळा. अशा वेळी पाच-सात जणांना समोर बसवून वापरायला सांगा आणि गप्प राहून बघा. त्यांना 'आवडलं का' विचारू नका, लोक चांगुलपणाने हो म्हणतात. मागच्या वेळी हे काम कसं केलंत, कधी, कुठे अडलं, असं घडून गेलेलं विचारा.

आणि एक, आकडा निवडताना त्याच्या शेजारी एक राखणीचा आकडाही ठेवा. वेल्स फार्गो बँकेचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे, एका गिऱ्हाइकाला बँकेची आठ प्रॉडक्ट विकायची असं लक्ष्य होतं, त्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारताच त्यांच्या नावावर लाखो खाती उघडली, आणि २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. आकडा छान वाढत होता, पण ज्यासाठी तो होता ते नातं मोडत होतं. साइनअप वाढवताय ना, मग शेजारी महिन्याने टिकलेले किती ते ठेवा. नोटिफिकेशन वाढवताय, मग बंद करणारे किती ते ठेवा.

प्रश्न: माझ्या टीममधले इंजिनिअर माझं ऐकत नाहीत, सगळे माझ्यापेक्षा सीनियर आहेत. आणि वरून साहेबांनी सांगितलेलं फीचर कधीही मधेच येऊन पडतं. माझ्या हातात अधिकार काहीच नाही, जबाबदारी मात्र सगळी माझी. असं काम करायचं कसं?

उत्तर: अधिकार मिळायची वाट बघू नका, या कामात तो बहुतेक ठिकाणी मिळतच नाही.

इंजिनिअरांकडे जाताना उत्तर घेऊन जाताय की अडचण घेऊन जाताय ते आधी तपासा. 'इथे ड्रॉपडाउन लावा' म्हणून गेलात तर ते फक्त हुकूम घेणारे होतात आणि अनुभवी माणसाला ते खुपतं. 'लोक इथे पत्ता निवडताना अडकतात, हे रेकॉर्डिंग बघा' म्हणून गेलात तर निम्म्या वेळा ते तुमच्यापेक्षा स्वस्त उपाय सांगतात. त्यांना गिऱ्हाइकांच्या कॉलवर न्या, एकदा जरी कोणाला आपल्या स्क्रीनशी झगडताना पाहिलं ना की नंतर समजावून सांगायला लागत नाही. त्यांना न विचारता कोणालाही तारीख देऊ नका, विश्वास सगळ्यात लवकर तिथे जातो आणि परत यायला फार वेळ लागतो. आणि काम गाजलं की नाव त्यांचं घ्या, मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर.

साहेबांच्या फीचरला थेट 'नाही' म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: हे झाल्यावर काय बदललेलं दिसायला हवं? खूपदा त्यामागे खरी गोष्ट असते, एखादं गिऱ्हाईक सोडून चाललेलं असतं किंवा संचालक मंडळात कोणी काही विचारलेलं असतं, आणि ती कळली की लहान उपाय सापडतो. मग लेखी सांगा, हे घेतलं तर अमुक दोन गोष्टी पुढच्या महिन्यात जातील, चालेल का? निर्णय त्यांचा असू दे, पण कशाच्या बदल्यात काय जातंय ते समोर ठेवणं तुमचं काम. तरी ते हो म्हणाले तर मनापासून करा, आणि त्याचा अंदाजही वर सांगितलेल्या फाइलमध्ये लिहा. टीममध्ये बसून त्या निर्णयाबद्दल कुरकुर करू नका, त्याने काम बिघडतं आणि तुमचाच शब्द हलका होतो.

प्रश्न: आठ वर्षं झाली, सीनियर पीएम आहे. आता मॅनेजर व्हायचं की प्रिन्सिपल पीएम म्हणून एकट्यानेच पुढे जायचं? मॅनेजर झालो नाही तर वाढ थांबेल अशी भीती वाटते. त्यात एआय आता पीआरडी (प्रॉडक्टमध्ये काय हवं ते मांडणारा कागद) लिहून देतंय, मग एकटं काम करणाऱ्याला पुढे किंमत राहील का?

उत्तर: एआयचं आधी सांगते. पीआरडीचा कच्चा मसुदा लिहिणं हा तुमच्या कामाचा सगळ्यात लहान भाग होता, तो वेळ वाचत असेल तर वाचू द्या. मुलाखतींचा सारांश मात्र त्याच्याकडून घेतलात तरी त्यातली काही रेकॉर्डिंग स्वतः ऐका, कारण माणूस जिथे थांबतो, चाचरतो, विषय बदलतो, ते सारांशात येत नाही आणि बऱ्याचदा अडचण नेमकी तिथेच असते. काय सोडायचं ते ठरवणारा आणि चुकलं तर उत्तर देणारा माणूस लागणारच आहे, त्यामुळे एवढ्या एका भीतीपोटी मॅनेजर होऊ नका.

ही दोन वेगळी कामं आहेत. मॅनेजर झाल्यावर प्रॉडक्टबद्दलचे बरेच निर्णय दुसरे घेतात आणि तुमचं काम त्यांचे निर्णय सुधारायचं असतं, शिवाय माणसं निवडणं, कोणाचं जमत नसेल तर तोंडावर नीट सांगणं, दोन टीममधले वाद मिटवणं. आठवड्यातले बहुतेक तास यात जातात. प्रिन्सिपलचं काम म्हणजे कंपनीतला सगळ्यात गुंतागुंतीचा, तीन-चार टीममध्ये पसरलेला प्रश्न हातात घेणं, हाताखाली कोणी नसताना.

ठरवायच्या आधी एखाद्या ज्युनियर पीएमबरोबर एक तिमाही काम करून बघा. त्याने लिहिलेलं पान वाचताना तुमचा हात स्वतःच दुरुस्त करायला शिवशिवतो, की दोन प्रश्न विचारून त्यालाच सुधारू देता आणि ते सुधारलेलं बघून बरं वाटतं? हे मनाशी खरंखरं बघा, यात कोणतंही उत्तर कमी प्रतीचं नाही. आणि कंपनीत नीट चौकशी करा, कारण प्रिन्सिपलची पायरी कागदावर सगळीकडे असते, प्रत्यक्षात त्या पदावर कोणी आहे का, त्याच्याकडे नेमकं काय काम आहे, त्याचा पगार त्याच पातळीच्या मॅनेजरएवढा आहे का, हे विचारा. तिथे कोणीच नसेल तर तुम्हाला हवी ती वाढ या कंपनीत नाहीये, आणि मग प्रश्न मॅनेजर व्हायचं की नाही हा राहत नाही, कुठे जायचं हा होतो. ज्युनियरबरोबरची ती तिमाही संपेपर्यंत राजीनाम्याचा विचार बाजूला ठेवा, आणि या चौकशीला मात्र याच आठवड्यात सुरुवात करा.